दहा बाय दहाची खोली

दहा फूट बाय दहा फूट. मुंबईकराला या मापाचे नवल वाटायचे कारण नाही. गिरगाव-परळच्या चाळींतून एवढ्याशा खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले, मुले मॅट्रिक झाली, मुलींची लग्ने ठरली, वर गावाकडचे पाहुणेही मावले. पण मी ज्या खोलीविषयी सांगणार आहे तिचा थाट निराळा. तिला अखंड वीज हवी, वातानुकूलन हवे, एक स्वतंत्र टेलिफोन हवा. ज्याच्या जागेत ही खोली असेल त्याने ती फुकट द्यायची. आतल्या यंत्रांचा आणि त्यांच्या देखभालीचा खर्चही त्यानेच सोसायचा. एवढे करून खोलीत पाऊल टाकायची मुभा मात्र त्याला नाही. घर त्याचे, किल्ली दुसऱ्याची.

ही रहस्यकथेतली खोली नव्हे. इंटरनेटची सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना भारत सरकार परवाने देते. त्या परवान्याच्या करारात हे कलम लिहिलेले होते. ज्या केंद्रातून सेकंदाला २ मेगाबिट किंवा त्याहून अधिक वेगाने माहिती बाहेर जाऊ शकते, तिथे कंपनीने स्वखर्चाने टेहळणीची व्यवस्था उभारावी आणि सुरक्षा यंत्रणांना १० फूट बाय १० फुटांची, बंदोबस्तातली, फक्त त्यांनाच प्रवेश असलेली जागा विनामूल्य द्यावी. आज घरात पोरे ज्यावर क्रिकेटची मॅच पाहतात, त्या जोडणीचा वेगही याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा कुठले केंद्र या कलमातून सुटले असेल, असे वाटत नाही.

सरकारने कुणावर पाळत ठेवूच नये, असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही; भेटला तर मी त्याच्याशी वाद घालीन. बॉम्ब बनवणारे, लहान मुलांना पळवणारे, बँका लुटणारे आता इंटरनेटवरूनच एकमेकांशी बोलतात, आणि पोलिसांनी त्यांचे बोलणे ऐकू नये तर काय करावे? माझा प्रश्न वेगळा आहे. त्या खोलीत काय चालते, हे खोलीबाहेरचे कोण पाहते?

प्रश्न नव्या यंत्रांचा असला तरी त्याची मुळे जुनी आहेत. मराठीत 'खासगी' हा शब्द रुळला तो राजवाड्यांच्या वाटेने. होळकरांच्या दौलतीत 'खासगी' म्हणजे राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा वेगळा मुलूख; अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळे बांधली ती या खासगीतून. सामान्य माणसालाही खासगी असे काही असते, ही कल्पना आपल्याकडे फार पुढची. मी वाढलो तो पुण्यातला वाडा. एक नळ, बारा बिऱ्हाडे. आमच्याकडे आज काय शिजते आहे हे शेजारच्या काकूंना वासावरून कळे, आणि काका-काकूंचे कशावरून बिनसले हे आम्हांला भिंतीपलीकडून. पोस्टमन पोस्टकार्ड हातात ठेवण्यापूर्वीच आईला सांगे, "वहिनी, भाऊ पास झाला बरं का तुमचा!" त्याचा कुणाला राग येत नसे. तो पत्र वाचतो हे आम्हांला ठाऊक होते आणि आम्हांला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होते. वाड्यातली पाळत ही अशी दोन्ही बाजूंनी असे.

पण घरात काही नाजूक असले, म्हणजे कुणाचे कर्ज, कुणाचे मोडलेले लग्न, आत्याच्या छातीतली गाठ, तर वडील पोस्टकार्ड घेत नसत. ते निळे आंतर्देशीय पत्र घेत, सगळ्या कडा नीट चिकटवत आणि वर बोट फिरवून पाहत. त्यात गुन्हा नव्हता. 'आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?' असे हल्ली पुष्कळ लोक विचारतात, तेव्हा मला त्या चिकटवलेल्या कडा आठवतात.

तेही पत्र सरकारला उघडता येत असे, ही गोष्ट वेगळी. इंग्रजांनी १८८५ मध्ये टेलिग्राफचा कायदा केला आणि १८९८ मध्ये टपालाचा. दोन्ही कायद्यांत सरकारला तार अडवण्याची, पत्र फोडण्याची सोय होती. परक्या राज्याने आपल्या सोयीसाठी केलेले हे कायदे स्वतंत्र भारताने जसेच्या तसे उचलले. १९८६ मध्ये तर टपाल कायद्यातली सरकारची ही सत्ता आणखी रुंद करणारे दुरुस्ती विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत झाले. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. नाकारलेही नाही, नुसते ठेवून दिले. ते विधेयक कायदा झाले नाही ते नाहीच. घटनेने राष्ट्रपतींना सहीसाठी मुदत घालून दिलेली नाही, एवढ्याशा फटीतून त्या वेळी आपली आंतर्देशीय पत्रे वाचली!

टेलिफोनची कथा याहून रंगतदार आहे, कारण तिच्यात मोठी माणसे अडकली. कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना १९८८ मध्ये फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणात पद सोडावे लागले. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलिस पाळत ठेवताना सापडले, काँग्रेस बिथरली आणि चंद्रशेखरांचे सरकार गेले. पाळतीचा प्रश्न आपल्याकडे चर्चेला आला तो सामान्य माणसामुळे नव्हे. पुढारीच पुढाऱ्यांचे ऐकू लागले तेव्हा.

त्याच सुमारास 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल लागला १८ डिसेंबर १९९६ रोजी. टेलिफोनवरचे संभाषण हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे आणि तो कायद्याने घालून दिलेल्या रीतीशिवाय चोरून ऐकणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग, असे न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि सगीर अहमद यांनी स्पष्ट सांगितले. पण रीत ठरवायची कोणी? १८८५ च्या कायद्याखाली सरकारने शंभर वर्षांत तसे नियमच केले नव्हते. मग न्यायालयाने स्वतःच काही पथ्ये घालून दिली. आदेश गृहसचिवांचाच हवा. तो दोन महिनेच चालेल. वाढवला तरी सहा महिन्यांपलीकडे नाही. आणि आदेश योग्य होता की नाही हे एक पुनर्विलोकन समिती तपासील. समितीत कोण? केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव.

अर्जदारांचे म्हणणे होते की अशा आदेशावर आधी न्यायाधीशाची नजर हवी. न्यायालयाने ते मानले नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, ती संसदेने करावी, आम्ही कशी घालणार, असा त्यामागचा विचार. तो समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा झाला की एका सचिवाने सही करायची आणि तिघा सचिवांनी ती बरोबर होती का ते पाहायचे. चौघेही एकाच सरकारचे नोकर. सुनेचा हिशेब सासूने तपासावा तसाही हा प्रकार नाही. जावांनी एकमेकींचा तपासावा तसा आहे.

हा निकाल लागला तेव्हा आपल्या देशात इंटरनेटचे वय होते जेमतेम सव्वा वर्ष. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून खरखर, शीळ, किंचाळी असे आवाज करत ते यायचे आणि घरात कुणी फोन उचलला की जायचे. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना दारे उघडली. त्या वेळच्या परवान्यातली एक अट आज वाचताना गंमत वाटते: ४० बिटांहून लांब किल्लीचे कुलूप परवानगीशिवाय वापरायचे नाही. माहिती सांकेतिक लिपीत दडवण्याच्या पद्धतीला हे कुलूप म्हणायचे. किल्ली जितकी लांब तितके ते फोडायला अवघड. ४० बिटांचे कुलूप तेव्हाच तकलादू मानले जात होते. आज बँकेचे व्यवहार याच्या तिपटीहून लांब, १२८ बिटांच्या किंवा त्याहून मोठ्या किल्लीने होतात. थोडक्यात, नागरिकाने कुलूप लावावे, पण सरकारला उघडता येईल असे.

इथे थोडे थांबून, इंटरनेट कंपनीला आपले नक्की दिसते तरी काय, ते सांगायला हवे. पुष्कळांचा समज असतो की सगळेच दिसते. काहींचा असतो की काहीच दिसत नाही. दोन्ही चूक. हल्ली बहुतेक संकेतस्थळांवरचा मजकूर कुलूपबंद होऊन जातो. तुम्ही बँकेच्या पानावर काय टंकले ते कंपनीला वाचता येत नाही. पण कुठल्या बँकेत गेलात, किती वाजता, किती वेळ, किती माहिती आली-गेली, हे सामान्यतः कळते. म्हणजे पाकीट बंद, पण पत्ता वर लिहिलेला. आणि पत्ते वाचणारा पोस्टमन एकच, रोजचा, कधीही न विसरणारा.

आता नुसते पत्ते पाहा. रात्री दोन वाजता कर्करोगाच्या इस्पितळाचे संकेतस्थळ. सव्वादोनला विमा कंपनीचे. दुसऱ्या दिवशी दुपारी सोने तारण ठेवून कर्ज देणाऱ्या पेढीचे. त्या संध्याकाळी मुलाच्या कॉलेजचे, फी भरण्याच्या पानापुरते. एक अक्षरही न वाचता त्या घरात काय कोसळले आहे हे तुम्हांला कळले की नाही? हे तपशील कंपन्यांनी जपून ठेवायचे असतात. पूर्वी मुदत एक वर्षाची होती, डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन वर्षांची झाली. जपून ठेवलेली वस्तू चोरीला जाते हा जगाचा अनुभव. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी, लोकांच्या फोनचे असेच तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. सरकारच्या गरजेसाठी भरलेल्या कोठारातून माल असा बाजारात येतो.

आता दुसरी बाजू. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा दहशतवादी आणि त्यांचे सीमेपलीकडचे सूत्रधार इंटरनेटवरून फिरवलेल्या फोनने बोलत होते. आपल्या यंत्रणांनी ती संभाषणे हल्ला चालू असतानाच पकडली. पुढे खटल्यात ती पुरावा म्हणून उभी राहिली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालातही त्यांचा ऊहापोह आहे. ती ऐकली गेली नसती, तर या कटामागे कोण होते हे जगाला पटवणे किती अवघड झाले असते! पाळतीला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण त्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्याची मोठी दुरुस्ती संमत केली. तिच्यातले ६९ वे कलम महत्त्वाचे. १८८५ च्या इंग्रजी कायद्यात निदान एक उंबरठा होता. 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' यांपैकी एक कारण असेल तरच फोन ऐकता येई. नव्या कलमात हा उंबरठा नाही. शिवाय 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हे कारण त्यात आले. कंपनीने मदत नाकारली, कुलूप उघडून दिले नाही, तर सात वर्षांपर्यंत कैद. इंटरनेटवरच्या माणसाला इंग्रजांच्या कायद्याने दिले होते त्याहून कमी संरक्षण मिळाले, आणि तेही आपणच निवडून दिलेल्या सभागृहात. दुःखाच्या आणि संतापाच्या दिवसांत केलेले कायदे तपासून पाहायला कुणाला सवड नसते. पण दिवस सरतात आणि कायदे राहतात.

मग त्या तीन सचिवांच्या समितीचे काय झाले? माहितीच्या अधिकाराखाली एका संस्थेने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की केंद्र सरकारकडून दरमहा सरासरी साडेसात ते नऊ हजार टेलिफोन ऐकण्याचे आदेश निघतात. हे एकट्या केंद्राचे, राज्यांचे वेगळे. २०१७ मध्ये सरकारने न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली विदा-संरक्षणासाठी समिती नेमली. हे तेच श्रीकृष्ण, ज्यांच्या दंगल चौकशी आयोगाची मुंबईला वेगळी ओळख करून द्यायला नको. त्यांच्या २०१८ च्या अहवालात हाच हिशेब मांडला आहे. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. म्हणजे प्रत्येक बैठकीत तिने पंधरा ते अठरा हजार आदेश तपासायचे. हे काम वास्तवात होण्याजोगे नाही.

मी कागदावर भागाकार करून पाहिला. मंत्रिमंडळ सचिव, म्हणजे देशातले सर्वांत ज्येष्ठ अधिकारी, सगळी कामे सोडून सलग आठ तास बसले, चहा घेतला नाही, कुणाचा फोन घेतला नाही, तर हाती येतात २८,८०० सेकंद. एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. एवढ्या वेळात दळणाच्या डब्यावरची चिठ्ठीसुद्धा वाचून होत नाही.

सचिवांना वेळ नसेल, पण निदान कंपनीतला माणूस तरी कागद नीट पाहत असेल, असे आपल्याला वाटते. कंपनीत यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमलेला असतो. आदेश त्याच्याकडे जातो, तो खात्री करतो, मग तार जोडली जाते. २००५ च्या अखेरीस दिल्लीत याचीही परीक्षा झाली. अमरसिंह या खासदारांचा फोन ऐकावा असे पोलिसांच्या नावचे एक पत्र एका टेलिफोन कंपनीला मिळाले. कंपनीने फोन ऐकायला सुरुवात केली. पत्र बनावट निघाले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राकडे नीट पाहिले, तर त्यात ढोबळ चुकाच चुका. एवढ्या की कुणालाही संशय यावा, आणि कंपनीने शहानिशा करायला हवी होती, असे न्यायालयाने सुनावले. शाळेतल्या मुलाने वडिलांच्या सहीची चिठ्ठी आणावी आणि बाईंनी ती 'तिर्थरूप' पाहूनही खरी मानावी, तशातली गत!

यावर सरकारने शोधलेला उपाय मोठा अजब आहे. माणूस चुकतो, फितूर होतो, म्हणून माणूसच मधून काढायचा. 'सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टिम' या नावाने केंद्र सरकारने एक यंत्रणा उभारली. तिची चर्चा विशेष झाली ती २०१३ मध्ये; त्याच वर्षी एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रे उघड केली होती. या यंत्रणेत कंपनीच्या अधिकाऱ्याला कागद दाखवावा लागत नाही. सरकारी केंद्रातून थेट जोडणी होते. त्याने गळती थांबेल, वेळ वाचेल, गुप्तता राहील, असे सरकारचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. पण बनावट पत्र निदान पत्र तरी होते. कुणाच्या तरी टेबलावर ते पडले होते, म्हणून पुढे न्यायाधीशांना त्यातल्या चुका मोजता आल्या.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त पोलिस अधिकारी राहतात. सचोटीचे म्हणून त्यांचा लौकिक आहे. सकाळच्या फिरण्यात त्यांच्याशी माझे या विषयावर नेहमी वाजते.

"मास्तर," ते म्हणाले, "चोराला आधी नोटीस पाठवून पाळत ठेवतात का हो?"

"आधी नको, साहेब. नंतर सांगा. तपास संपला, माणूस निर्दोष निघाला, तर वर्षभराने दोन ओळींचं पत्र पाठवा, की तुमचं ऐकलं होतं, काही निघालं नाही. जर्मनीत असं कळवण्याचा कायदा आहे."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि तो कोर्टात गेला तर?"

"मग जाऊ द्या की!"

"अहो, पण दहातल्या नऊ जणांचं काहीच निघत नाही!" ते बोलून गेले. आकडा त्यांनी बोलण्याच्या ओघात घेतला, मीही तो मोजून घेत नाही. पण मला मुंबईचाच एक जुना खटला आठवला. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरवर लाच मागितल्याचा आरोप होता आणि पुरावा होता फोनवरच्या ध्वनिमुद्रणाचा. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये सांगितले की निरपराध नागरिकाच्या टेलिफोनला न्यायालये संरक्षण देतील, अपराध्याला मात्र ते मिळणार नाही. ऐकायला चोख. पण निरपराध कोण आणि अपराधी कोण, हे ऐकण्यापूर्वी ठरवायचे कसे?

याचे उत्तर इतर देशांनी पुरते शोधले आहे अशातला भाग नाही. अमेरिकेत पाळतीसाठी खास न्यायालय आहे, पण त्याचे कामकाज गुप्त चालते, आणि त्याच्या डोळ्यांदेखत काय काय झाले ते स्नोडेनने दाखवलेच. ब्रिटनने २०१६ च्या कायद्यात दुहेरी कुलूप आणले. मंत्र्याची सही, आणि मग न्यायिक आयुक्ताची मान्यता. तिथेही तक्रारी आहेत. पण निदान दुसरी सही पहिल्या सहीच्या हाताखालची नाही.

आपल्याकडे आशा निर्माण झाली ती २०१७ मध्ये. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी ऐंशी वर्षे उलटल्यावर 'आधार'विरुद्ध अर्ज केला होता. त्यात सरकारतर्फे असे सांगण्यात आले की खासगीपणा हा भारतीय घटनेत मूलभूत हक्कच नाही. आधार घेतला होता १९५४ आणि १९६२ च्या दोन जुन्या निकालांचा. त्यातल्या दुसऱ्यात, उत्तर प्रदेशातल्या एका माणसाच्या दारावर पोलिस रात्री-अपरात्री थापा मारत, तो घरात आहे ना हे पाहायला. ते न्यायालयाने तेव्हाच बेकायदा ठरवले होते. पण खासगीपणाचा हक्क मात्र मानला नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमुखाने निर्णय दिला, की खासगीपणा मूलभूत हक्क आहे. त्यावर बंधन आणायचे तर कायदा हवा, रास्त कारण हवे, आणि उपाय कारणाच्या प्रमाणात हवा. दारावरची थाप निदान ऐकू यायची. आताच्या थापेचा आवाज होत नाही, एवढाच काळाचा फरक.

त्यानंतर गाडी दोन दिशांनी चालली. २० डिसेंबर २०१८ रोजी गृहमंत्रालयाने दहा यंत्रणांची यादी जाहीर केली, ज्यांना कुठल्याही संगणकातली माहिती अडवता, पाहता, उलगडता येईल. गुप्तचर विभागापासून प्राप्तिकर मंडळापर्यंत. ओरड झाली तेव्हा सरकार म्हणाले, यात नवीन काही नाही, सत्ता २००८ च्या कायद्यातलीच आहे. हे तंतोतंत खरे होते आणि तेच काळजीचे होते. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांना, निरोप मुळात कोणी धाडला ते शोधून देण्याचे बंधन घातले. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि कुलूप मोडायला लावाल तर आम्ही या देशातून जाऊ, असे २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितले. लोकांची माहिती विकूनच मोठ्या झालेल्या धंद्यातल्या कंपनीने खासगीपणाचा कैवार घ्यावा, याला काय म्हणावे! पण मुद्दा कोण मांडतो यावरून तो खोटा ठरत नाही. २०२२ मध्ये, आपला पत्ता झाकून इंटरनेट वापरू देणाऱ्या व्हीपीएन सेवांना ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे ठेवण्याचा हुकूम झाला; काही परदेशी कंपन्यांनी त्यावर आपले इथले संगणकच हलवले. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला खरा, पण त्यातून आपल्या यंत्रणांना वगळण्याची सोय सरकारने स्वतःकडे ठेवली.

१८८५ चा टेलिग्राफ कायदाही आता जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. संदेश अडवण्याचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. सही गृहसचिवांची, तपासणी सचिवांच्या समितीची. टपालाचाही नवा कायदा २०२३ मध्येच झाला. त्यात पत्र अडवण्याची तरतूद आहे, आणि या वेळी राष्ट्रपतींची सही झाली आहे.

दुसऱ्या दिशेची गोष्ट मुंबईची. २००९ आणि २०१० मध्ये केंद्रीय गृहखात्याने तीन आदेश काढून इथल्या एका व्यावसायिकाचा फोन ऐकायला परवानगी दिली. बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा त्याच्यावर आरोप होता. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती रणजित मोरे आणि एन. जे. जमादार यांच्या पीठाने तिन्ही आदेश रद्द केले. इथे ना सार्वजनिक आणीबाणी, ना सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न. मग फोन ऐकलाच कसा, असा न्यायालयाचा सवाल होता. ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा हुकूमही झाला. त्या माणसाने लाच दिली होती की नाही, हा वेगळा प्रश्न. सगळ्याच न्यायालयांनी पुढे हीच वाट धरली असेही नाही. तरी सचिवाच्या सहीमागे न्यायाधीशाने डोकावून पाहिले, ही साधी गोष्ट नव्हे.

हा निकाल वाचून मी त्या पोलिस अधिकाऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचला आणि विचारले, "पण याला कळलं कसं की आपला फोन ऐकताहेत?"

त्यांनी नेमके बोट ठेवले होते. या खटल्याच्या काळी लागू असलेल्या नियमांप्रमाणे असे आदेश आणि ध्वनिमुद्रणे, कामाची गरज उरली नसेल तर, यंत्रणांनी दर सहा महिन्यांनी नष्ट करायची. कंपनीने तिच्याकडचे कागद ऐकणे थांबल्यापासून दोन महिन्यांत. नियम नागरिकाच्या भल्यासाठीच केला आहे. आपले बोलणे सरकारी कपाटात कायमचे पडून राहू नये, हा त्याचा हेतू. मात्र बोलण्याबरोबर, ते कोणी, कुणाच्या सहीने, कशासाठी ऐकले याचाही कागद जातो.

या माणसाचे कागद राहिले, कारण सीबीआयला त्याच्याविरुद्ध ते पुरावा म्हणून वापरायचे होते.